डीएनएची घडी वाचताना: हाय-सी प्रयोग, पहिल्या ट्यूबपासून नकाशापर्यंत

गर्भात हाताचा अंकुर वाढत असतो तेव्हा बोटे किती आणि कुठे फुटणार हे ठरवण्यात 'सॉनिक हेजहॉग' या जनुकाचा मोठा हात असतो. पण हे जनुक हाताच्या अंकुरात चालू करणारा डीएनएचा तुकडा जनुकाच्या शेजारी नाही. तो जनुकापासून सुमारे दहा लाख बेस (डीएनएची अक्षरे) दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला आहे. त्या तुकड्यातले एकच अक्षर बदलले तरी हाताला जास्तीचे बोट येऊ शकते. मग एवढ्या लांबून त्या तुकड्याचे म्हणणे जनुकापर्यंत पोहोचते कसे?

पेशीत डीएनए सरळ दोरीसारखा पसरलेला नसतो, यात त्याचे उत्तर आहे. माणसाच्या एका पेशीतला डीएनए ताणून धरला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि तो जेमतेम दहा मायक्रॉनच्या केंद्रकात घड्या घालून ठेवलेला असतो. त्या घड्यांमुळे दहा लाख अक्षरे दूर असलेले दोन तुकडे एकमेकांना टेकू शकतात. जनुकसंच (पेशीतला सगळा डीएनए) कितीही वेळा वाचला तरी ही शेजारपणे त्यात दिसत नाहीत. ती शोधायला वेगळ्या पद्धती लागतात आणि त्यांतली सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे हाय-सी. पहिल्यांदाच हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, कागदावरच्या कृतीत सहसा न लिहिलेल्या गोष्टींसह, ती इथे मांडतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. हाय-सीचा नकाशा हा केंद्रकाचा फोटो नसतो. लाखो पेशी एका क्षणी थिजवल्या तेव्हा डीएनएचा कोणता तुकडा कोणाजवळ किती वेळा सापडला, याची ती मोजणी असते. मोजणीत खोट्या जोड्या घुसल्या तर पुढे कोणतेही सॉफ्टवेअर त्या पूर्णपणे बाहेर काढू शकत नाही. म्हणून खालची जवळपास प्रत्येक पायरी ही खऱ्या जोड्या टिकवण्याची आणि खोट्या रोखण्याची आहे. हे लक्षात असले की कृतीतले आकडे पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप समजतात.

आधी प्रश्न, मग पद्धत

हाय-सी महाग आहे आणि अनेकदा त्याची गरजच नसते. एखाद्या जनुकाचा प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीचा, ते जिथून चालू होते तो भाग) एका ठरावीक एन्हान्सरला (लांबून जनुक चालू करणाऱ्या तुकड्याला) टेकतो का, एवढाच प्रश्न असेल तर २००२ मध्ये आलेली मूळ थ्री-सी पद्धत आणि परिमाणात्मक पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची पद्धत) पुरेसे आहे. एका ठिकाणी उभे राहून ते कोणाकोणाला टेकते हे सगळ्या जनुकसंचात बघायचे असेल तर फोर-सी वापरा. शेकडो किंवा हजारो प्रमोटर एकदम तपासायचे असतील तर हाय-सीची लायब्ररी (वाचायला तयार केलेला डीएनएच्या तुकड्यांचा संच) करून त्यातून हवे तेवढेच तुकडे प्रोबने (त्यांना जुळणाऱ्या तुकड्यांनी) ओढून घेणारी कॅप्चर पद्धत बरी. एखाद्या विशिष्ट प्रथिनाने धरलेल्या जोड्याच हव्या असतील तर हाय-चिप किंवा चिया-पेट. तिथे यश बरेचसे अँटिबॉडीवर अवलंबून असते, हे मात्र लक्षात ठेवा.

सगळ्या जनुकसंचाचा एकत्र नकाशा हवा असेल तेव्हा हाय-सी. ही पद्धत २००९ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचे 'इन-सिटू' रूप आले. त्यात जोडणीची पायरी अखंड केंद्रकाच्या आतच होते. आज सुरुवात करणाऱ्याने हेच रूप शिकावे. त्याहून बारीक, न्यूक्लिओसोमच्या (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या गुंडीच्या) पातळीवरचे तपशील हवे असतील तर मायक्रो-सी आहे. त्यात कापायला रिस्ट्रिक्शन एन्झाइमऐवजी (ठरावीक अक्षरांवर कापणाऱ्या एन्झाइमऐवजी) मायक्रोकॉकल न्यूक्लिएज वापरतात आणि फॉर्मल्डिहाइडच्या जोडीला दुसरा लांब हाताचा क्रॉसलिंकर (बांधणारे रसायन) घालतात. पण न्यूक्लिएजची मात्रा प्रत्येक पेशीप्रकारासाठी नव्याने जमवावी लागते. माझे मत असे की हाय-सी दोनदा नीट हाताखालून गेल्याशिवाय मायक्रो-सीकडे वळू नये.

डीएनएची टोके अजिबात न जोडता शेजारपण मोजणाऱ्या पद्धतीही आहेत. 'गॅम'मध्ये केंद्रकाचे अतिपातळ काप घेऊन कोणते तुकडे एकाच कापात वारंवार येतात ते पाहतात. 'स्प्राइट'मध्ये एकत्र अडकलेल्या तुकड्यांच्या झुबक्यांना बारकोड लावतात. तीन-चार तुकडे एकाच वेळी एकत्र येतात का हा प्रश्न असेल तर त्या विचारात घ्या. साधी हाय-सी दोन-दोनच्या जोड्याच दाखवते.

युक्ती काय आहे

पेशीतली प्रथिने आणि डीएनए जिथल्या तिथे फॉर्मल्डिहाइडने बांधायची. मग डीएनए कापायचा. कापलेल्या टोकांवर बायोटिनची (पुढे पकडता येणाऱ्या छोट्या रेणूची) खूण लावायची. जवळजवळ असलेली टोके लायगेजने (डीएनएची टोके जोडणाऱ्या एन्झाइमने) जोडायची. जे दोन तुकडे केंद्रकात शेजारी होते ते आता एकाच रेणूत आले. बंध सोडवायचे, डीएनए शुद्ध करायचा, बारीक करायचा, बायोटिन असलेले तेवढे तुकडे मण्यांवर पकडायचे आणि दोन्ही बाजूंनी सिक्वेन्सिंग करायचे, म्हणजे अक्षरे वाचायची. एक टोक एका जागेचे आणि दुसरे टोक दुसऱ्या जागेचे मिळाले की ती एक भेट मोजली गेली.

पहिली पायरी: पेशी आणि क्रॉसलिंकिंग (बांधणी)

प्रत्येक नमुन्यासाठी २० ते ५० लाख पेशी घ्या. माणसाच्या एका पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे २० लाख पेशींतून जास्तीत जास्त १३ मायक्रोग्रॅम मिळू शकतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे किती हरवला ते कळेल. पेशी मोजून घ्या, अंदाजाने नको. जिवंत पेशींचे प्रमाणही बघा, कारण मेलेल्या पेशींचा फुटलेला डीएनए कुणालाही जाऊन चिकटतो.

चिकटून वाढणाऱ्या पेशी असतील तर त्या आधी सोडवून घ्यायच्या की प्लेटवरच बांधायच्या हे एकदा ठरवा आणि पूर्ण अभ्यासात बदलू नका. पेशी सोडवताना आकार बदलतो आणि त्याबरोबर केंद्रकही बदलते. फॉर्मल्डिहाइड ट्रिसशी आणि सीरममधल्या प्रथिनांशीही अभिक्रिया करते. त्यामुळे ट्रिस असलेले बफर या पायरीत नको. सीरम ठेवायचे असेल तर सगळ्या नमुन्यांत सारखेच ठेवा.

फॉर्मल्डिहाइड ताजे घ्या. काचेच्या बंद अॅम्प्यूलमधले, मिथेनॉल नसलेले सर्वांत चांगले. उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीतल्या फॉर्मल्डिहाइडचे बहुलक होत जाते आणि मग १% म्हणून घातलेले प्रत्यक्षात १% राहत नाही. काम फ्यूम हूडमध्येच करा, हातमोजे घाला. हा वायू डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतो आणि तो कर्करोगकारक आहे.

अंतिम प्रमाण १% होईल इतके फॉर्मल्डिहाइड घाला, खोलीच्या तापमानाला बरोबर १० मिनिटे हलक्या हाताने हलवत ठेवा. मग अंतिम ०.२ मोलर होईल इतके ग्लायसिन घालून ५ मिनिटे थांबा. उरलेले फॉर्मल्डिहाइड ग्लायसिनवर खर्ची पडते आणि बांधणी थांबते. ३०० जी वर ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा, थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा, द्रव काढून पेलेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे ८० अंशांवर ठेवा.

ही पायरी दिसते सोपी आणि प्रयोग इथेच बिघडतो. मी सुरुवातीला एकदा सहा नमुने एकाच वेळी हाताळायला घेतले. पहिल्या ट्यूबला दहा मिनिटे मिळाली, शेवटच्या ट्यूबला चौदा. त्या वेळी चार मिनिटांचे काय एवढे, असे वाटले. नकाशे आल्यावर औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन गटांत सुंदर फरक दिसला आणि आठवडाभर मी त्यावर खूश होतो. वही उघडली तेव्हा कळले की तो फरक औषधाचा नव्हता, घड्याळाचा होता. तेव्हापासून मी एका वेळी दोनच ट्यूब घेतो आणि प्रत्येकीला वेगळा टायमर लावतो. ज्या दोन स्थितींची तुलना करायची, त्यांच्या पेशी एकाच दिवशी, एकाच अॅम्प्यूलने, आलटून पालटून बांधा.

पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यात आहेत हेही पाहा. विभाजन होत असताना गुणसूत्रे घट्ट गुंडाळली जातात आणि नकाशातले नेहमीचे विभाग व लूप (डीएनएचे फास) पुसले जातात. एखाद्या उपचाराने विभाजनात अडकलेल्या पेशींचे प्रमाण वाढले तर त्या उपचाराने घड्या उलगडल्या असा चुकीचा निष्कर्ष सहज निघतो. थोड्या पेशी बाजूला काढून फ्लो सायटोमेट्रीने टप्पे मोजा.

दुसरी पायरी: केंद्रक उघडणे

पेलेटवर २५० मायक्रोलिटर बर्फासारखा थंड लायसिस बफर घाला: १० मिलीमोलर ट्रिस (पीएच ८), १० मिलीमोलर मीठ, ०.२% इजेपाल (सौम्य डिटर्जंट). सोबत प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिने तुटू न देणारे मिश्रण) ५० मायक्रोलिटर. बर्फावर किमान १५ मिनिटे. पेशीचे बाहेरचे आवरण विरघळते, केंद्रक राहते. २५०० जी वर ५ मिनिटे फिरवा, त्याच बफरने एकदा धुवा.

आता पेलेट ५० मायक्रोलिटर ०.५% एसडीएसमध्ये (कडक डिटर्जंटमध्ये) हळुवार मिसळा आणि ६२ अंशांवर ५ ते १० मिनिटे ठेवा. जी प्रथिने बांधली गेलेली नाहीत ती एसडीएस सोडवते, त्यामुळे एन्झाइमला डीएनएपर्यंत वाट मिळते. कमी पडले तर कापणी अर्धवट होते, जास्त झाले तर केंद्रक फुटून चिकट गोळा बनतो आणि तो पिपेटच्या टोकाला तारेसारखा लोंबतो. असा गोळा दिसला तर तो नमुना पुढे नेऊ नका. केंद्रक फुटले म्हणजे आतले शेजारपणही सैल झाले.

लगेच १४५ मायक्रोलिटर पाणी आणि २५ मायक्रोलिटर १०% ट्रायटन (सौम्य डिटर्जंट) घालून ३७ अंशांवर १५ मिनिटे ठेवा. ट्रायटन एसडीएसला आपल्यात ओढून घेतो. नाहीतर पुढचे एन्झाइम एसडीएसमुळे निकामी होईल.

तिसरी पायरी: कापणे

२५ मायक्रोलिटर दहापट बफर आणि १०० युनिट एमबीओ-वन घाला. ३७ अंशांवर हळू फिरवत किमान दोन तास. मी रात्रभर ठेवतो. हे एन्झाइम जीएटीसी ही चार अक्षरे दिसतील तिथे कापते. चार अक्षरांचा संच सरासरी २५६ बेसमागे एकदा येतो, सहा अक्षरांचा ४०९६ बेसमागे. २००९ च्या मूळ प्रयोगात सहा अक्षरे ओळखणारे एन्झाइम होते. चार अक्षरांच्या एन्झाइममुळे नकाशाची बारकाई कितीतरी वाढली. डीपीएन-टू हेदेखील त्याच चार अक्षरांवर कापते, पण त्याचा बफर वेगळा आहे, तेवढे बघून घ्या.

कापण्याआधी, कापल्यानंतर आणि पुढे जोडल्यानंतर प्रत्येक वेळी थोडासा, पाच-दहा मायक्रोलिटर नमुना बाजूला काढा. घाईत हे राहून जाते आणि मग प्रयोग कुठे बिघडला ते कधीच कळत नाही.

कापून झाल्यावर ६२ अंशांवर २० मिनिटे ठेवून एन्झाइम निष्क्रिय करा आणि ट्यूब खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

चौथी पायरी: खूण आणि जोडणी

कापलेल्या टोकाला चार अक्षरांची एकपदरी शेपटी राहते. तिच्यासमोरची अक्षरे क्लेनो एन्झाइमने भरायची, पण नेहमीच्या ए-न्यूक्लिओटाइडऐवजी बायोटिन जोडलेले न्यूक्लिओटाइड द्यायचे. ०.४ मिलीमोलर बायोटिन-१४-डीएटीपी ३७.५ मायक्रोलिटर, बाकीचे तीन न्यूक्लिओटाइड १० मिलीमोलर प्रत्येकी १.५ मायक्रोलिटर आणि क्लेनो ४० युनिट. ३७ अंशांवर ४५ ते ९० मिनिटे. बायोटिनचे न्यूक्लिओटाइड हा या दिवसातला सगळ्यात महाग थेंब असतो. त्यात काटकसर करू नका, खूण न लागलेला जोड पुढे मण्यांवर पकडलाच जाणार नाही.

लगेच जोडणी. ६६३ मायक्रोलिटर पाणी, १२० मायक्रोलिटर दहापट लायगेज बफर, १०० मायक्रोलिटर १०% ट्रायटन, १२ मायक्रोलिटर बीएसए (१० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) आणि २००० युनिट टी-फोर लायगेज. असे ९०० मायक्रोलिटर मिश्रण घालून खोलीच्या तापमानाला चार तास हळू फिरवत ठेवा. शेपट्या भरल्यामुळे टोके बोथट झालेली असतात, ती चिकट टोकांसारखी पटकन जुळत नाहीत. म्हणून लायगेज इतके जास्त आणि वेळही इतका. लायगेज बफरमध्ये एटीपी असते आणि बफर पुन:पुन्हा वितळवला-गोठवला की ते खराब होते. छोटे भाग करून ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वापरा.

पूर्वी केंद्रके फोडून, मिश्रण खूप पातळ करून मग जोडणी करत. पातळ केल्याने परके तुकडे एकमेकांपासून दूर राहतील असा विचार होता, तरीही खोट्या जोड्या बऱ्याच होत. इन-सिटू पद्धतीत केंद्रक हीच भिंत असते. एका केंद्रकातला डीएनए दुसऱ्या केंद्रकातल्या डीएनएला भेटूच शकत नाही. म्हणून वरच्या कोणत्याही पायरीत व्हॉर्टेक्स नको आणि जोरात पिपेटिंगही नको.

पाचवी पायरी: बंध सोडवणे आणि जेल

५० मायक्रोलिटर प्रोटिनेज के हे प्रथिने तोडणारे एन्झाइम (२० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) आणि १२० मायक्रोलिटर १०% एसडीएस घाला, ५५ अंशांवर अर्धा तास. मग १३० मायक्रोलिटर ५ मोलर मीठ आणि ६८ अंशांवर रात्रभर. सकाळी थंड करून दोन ट्यूबमध्ये वाटा. १.६ पट शुद्ध इथेनॉल आणि एकदशांश ३ मोलर सोडियम अॅसिटेट घालून उणे ८० अंशांवर १५ मिनिटे, मग पूर्ण वेगाने थंड सेंट्रिफ्यूज. ७०% इथेनॉलने दोनदा धुवा. या धुण्यात मीठ आणि सुटे बायोटिन न्यूक्लिओटाइड जातात. ते उरले तर पुढे मण्यांवरच्या जागा अडवून बसतात.

आता बाजूला ठेवलेले तिन्ही नमुने तसेच सोडवून, शुद्ध करून १% अॅगरोज जेलवर शेजारी शेजारी लावा. न कापलेला वर, एका घट्ट पट्ट्यात हवा. कापलेला काहीशे ते दोन-तीन हजार बेसमध्ये पसरलेला धूसर हवा. जोडलेला पुन्हा वर सरकलेला हवा. कापलेला नमुना वरच अडकला असेल तर एसडीएसची पायरी कमी पडली किंवा बांधणी जास्त झाली. जोडलेला वर गेला नसेल तर लायगेज बफर जुना होता किंवा टोके भरली गेली नाहीत.

आणखी एक सुंदर चाचणी आहे. भरलेली दोन टोके जोडली की जोडावर जीएटीसीजीएटीसी असा क्रम तयार होतो आणि त्याच्या मध्ये एटीसीजीएटी हा क्ला-वन एन्झाइमचा क्रम येतो. जनुकसंचाच्या ज्या भागात आधी तो क्रम नव्हता तिथला एक जोड पीसीआरने वाढवा आणि क्ला-वनने कापा. उत्पादन किती कापले जाते त्यावरून टोके किती नीट भरली ते समजते. ही चाचणी मी कधीच टाळत नाही. एका दुपारचे काम आहे आणि पुढचा सगळा सिक्वेन्सिंगचा खर्च तिच्यावर उभा असतो.

सहावी पायरी: लायब्ररी

डीएनए ध्वनिलहरींनी ३०० ते ५०० बेसपर्यंत बारीक करा, चुंबकी मण्यांनी आकार निवडा. मग स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवर १५ मिनिटे बांधू द्या आणि ट्वीन असलेल्या बफरने ५५ अंशांवर दोनदा धुवा. स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिन बंध इतका पक्का असतो की टोके दुरुस्त करणे, ए-शेपटी आणि अॅडॅप्टर जोडणे हे सगळे मण्यांवरच करता येते.

पीसीआरच्या फेऱ्या शक्य तितक्या कमी ठेवा. आधी थोड्या भागावर चाचणी घ्या. सहा-आठ फेऱ्यांत पुरेसे मिळत असेल तर उत्तम. बारा-चौदा लागत असतील तर मुळात वेगवेगळे रेणूच कमी आहेत. फेऱ्या वाढवून त्याच रेणूंच्या प्रती मिळतील, नवी माहिती मिळणार नाही.

सातवी पायरी: आधी उथळ सिक्वेन्सिंग

पूर्ण खोलीच्या सिक्वेन्सिंगला लायब्ररी लगेच पाठवू नका. दहा-वीस लाख वाचने घेऊन आधी काही गोष्टी तपासा.

सर्वांत महत्त्वाचे, किती जोड्या एकाच गुणसूत्रातल्या आहेत. डीएनएचे तुकडे निव्वळ योगायोगाने जोडले गेले असते तर मानवी पेशीत सुमारे ९५% जोड्या दोन वेगळ्या गुणसूत्रांमधल्या आल्या असत्या. चांगल्या इन-सिटू लायब्ररीत त्या २०-३०% च्या आसपास असतात. ५०% च्या पुढे गेल्या की केंद्रके फुटली होती असे समजा. त्यानंतर, २० हजार बेसहून लांबच्या आणि एकाच गुणसूत्रातल्या जोड्या ४०% च्या आसपास किंवा जास्त हव्यात. नकाशाचा खरा मजकूर त्यांच्यातच असतो.

मग दिशा पाहा. अगदी जवळच्या जोड्यांमध्ये दोन्ही वाचने एकमेकांकडे तोंड करून असतील तर तो बहुधा कधी जोडलाच न गेलेला साधा तुकडा असतो. दोन्ही एकमेकांकडे पाठ करून असतील तर एकच तुकडा स्वतःशी जोडून वर्तुळ झालेला असतो. अंतर वाढते तसे चारही दिशांचे प्रमाण २५-२५% वर येऊन मिळते. ज्या अंतरावर ते मिळते त्याच्या आतले आकडे विश्लेषणात धरू नका.

वाचने किती लागतील? फक्त मोठे कप्पे (सक्रिय आणि शांत भाग) बघायचे असतील तर काही कोटी जोड्या पुरतात. लूप बघायचे असतील तर शंभर कोटींच्या घरात जावे लागते. २०१४ च्या अभ्यासात मानवी लिम्फोब्लास्टॉइड पेशींच्या एका प्रकारासाठी ४.९ अब्ज भेटी मोजल्या होत्या, तेव्हा कुठे एक हजार बेसची बारकाई मिळाली. त्याच अभ्यासातला निकष सोपा आहे: ज्या सर्वांत लहान चौकटीत ८०% जागांना किमान १००० भेटी मिळतात, ती नकाशाची बारकाई. बारकाई दुप्पट करून नकाशातल्या प्रत्येक चौकटीत तितक्याच भेटी हव्या असतील तर वाचने दुप्पट करून भागत नाही, चौकटी दोन्ही अक्षांवर लहान होतात.

आठवी पायरी: वाचनांपासून नकाशा

जोडीतली दोन्ही वाचने संदर्भ जनुकसंचाशी वेगवेगळी जुळवा. बीडब्ल्यूए-मेम या जुळवणीच्या सॉफ्टवेअरला ती एकाच सरळ तुकड्याची दोन टोके आहेत असे गृहीत धरू देऊ नका. मग पेअरटूल्स किंवा ज्यूसरने जोड्या ओळखा, एकसारख्या प्रती काढा आणि चौकटींमध्ये मोजा. दोन्ही तयार साधने आहेत, पण पहिल्या खेपेला प्रत्येक टप्प्याची मधली फाइल उघडून पाहा.

कच्चा नकाशा तसाच वापरता येत नाही. काही जागांवर कापण्याची ठिकाणे जास्त असतात, काही जागा नीट जुळवता येत नाहीत. संतुलन करताना प्रत्येक जागेच्या एकूण भेटी सारख्या होतील असे गुणक काढतात. यामागचे गृहीतक असे की प्रत्येक जागा सारखीच दिसायला हवी. कर्करोगाच्या पेशींत एखाद्या भागाच्या दहा प्रती असतील तर हे गृहीतक तिथेच मोडते. अशा पेशींत आधी प्रतींची संख्या तपासा.

पुढचा आलेख म्हणजे अंतर वाढते तशा भेटी किती घटतात याचा. २००९ च्या अभ्यासात पाच लाख ते सत्तर लाख बेस या पट्ट्यात हा उतार उणे एकच्या जवळ होता. तुमचा उतार प्रतिकृतींमध्ये (त्याच प्रयोगाच्या पुन्हा केलेल्या नमुन्यांमध्ये) वेगळा असेल तर लूप मोजायला बसू नका, आधी क्रॉसलिंकिंगची वही काढा.

नकाशात काय बघायचे

लांबून पाहिले की बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दिसते. सक्रिय भाग सक्रिय भागांशी आणि शांत भाग शांत भागांशी जास्त भेटतात. जवळ गेले की कर्णरेषेवर चौकोन दिसतात, त्यांना टॅड म्हणतात. त्यांची लांबी काही लाख ते साधारण दहा लाख बेस असते. चौकोनाच्या कोपऱ्यात ठळक ठिपका असेल तर तो लूप. लूपच्या दोन्ही पायथ्यांशी बहुतेक वेळा सीटीसीएफ हे प्रथिन बसलेले असते आणि त्याचे दोन्ही क्रम एकमेकांकडे तोंड करून असतात. २०१४ च्या मोजणीत सीटीसीएफ असलेल्या लूपपैकी ९०% हून अधिकांत ही समोरासमोरची दिशा सापडली. कोहेसिन या प्रथिनाचे कडे डीएनए ओढत लूप मोठा करत नेते आणि समोरून तोंड करून बसलेले सीटीसीएफ आले की थांबते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. तुमच्या नकाशातले ठिपके या नियमाला जुळत नसतील तर आधी ठिपके शोधण्याच्या सॉफ्टवेअरची सेटिंग तपासा, नव्या जीवशास्त्राकडे नंतर वळा.

दोन वेगळ्या गुणसूत्रांमध्ये एकदम उजळ, धारदार कडांचा चौकोन दिसला तर ती बहुधा घडी नसते. गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसरीकडे जोडला गेलेला असतो. आई आणि वडिलांकडून आलेली दोन गुणसूत्रेही साध्या नकाशात एकमेकांत मिसळलेली असतात. ती वेगळी करायची तर त्यांच्यातले अक्षरभेद आधी माहीत हवेत.

आणि भेट म्हणजे काम नव्हे. २०१७ मध्ये पेशीतून कोहेसिन काही तासांत नष्ट करून पाहिले तेव्हा लूप नाहीसे झाले, पण बहुतेक जनुकांचे काम त्या काळात फारसे बदलले नाही. उलट २०१५ मध्ये दिसले की ईपीएचए-फोर जनुकाजवळची टॅडची सीमा गेली की एन्हान्सर भलत्याच जनुकांना चालू करतात आणि हातापायांची बोटे वेडीवाकडी होतात. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. म्हणून तुमच्या ठिपक्याबद्दल काही दावा करायचा असेल तर ती जागा क्रिस्परने (जनुक-संपादनाच्या पद्धतीने) काढून जनुकाचे काम मोजावेच लागेल.

शेवटची पायरी: सूक्ष्मदर्शकाखाली पडताळा

निवडलेल्या दोन-तीन जोड्या डीएनए-फिशने (चमकणाऱ्या प्रोबने डीएनएच्या जागा दाखवणाऱ्या पद्धतीने) तपासा. काचेवरच्या पेशी ४% पॅराफॉर्मल्डिहाइडने १० मिनिटे बांधा, ०.५% ट्रायटनने छिद्रे पाडा, आरएनए काढून टाका. दोन जागांसाठी दोन रंगांचे प्रोब ५०% फॉर्मामाइडमध्ये घालून ७८-८० अंशांवर सुमारे ३ मिनिटे ठेवा, म्हणजे डीएनएचे दोन्ही पदर सुटतील. मग ३७ अंशांवर रात्रभर. फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे, ते हूडमध्ये आणि हातमोज्यांनीच हाताळा. दुसऱ्या दिवशी धुवा आणि केंद्रकाचे थर घेत चित्रे काढा.

मोजण्याआधी अनेक रंगांत चमकणाऱ्या मण्यांची चित्रे घेऊन दोन रंगांमधले सरकणे दुरुस्त करा. साध्या सूक्ष्मदर्शकात आडवी विभेदनक्षमता २०० ते २५० नॅनोमीटर असते आणि उभी त्याहून वाईट. हे सरकणे दुरुस्त केले नाही तर चिकटलेले ठिपकेही लांब दिसतात. नियंत्रण म्हणून डीएनएवर तितक्याच अंतरावरची, पण नकाशात ठिपका नसलेली जोडी घ्या आणि प्रत्येकीची किमान काही शे केंद्रके मोजा. सरासरी अंतरावर थांबू नका, पूर्ण वितरण काढा. हाय-सीमध्ये ठळक दिसणारा लूप प्रत्यक्षात फार थोड्या पेशींत जुळलेला असू शकतो. २०२२ मध्ये उंदराच्या जिवंत मूलपेशींत एक लूप थेट पाहिला गेला. तो ३ ते ६% वेळच पूर्ण जुळलेला होता आणि जुळल्यावर साधारण १० ते ३० मिनिटे टिकत होता. त्यामुळे तुमच्या शंभर केंद्रकांपैकी पाचांतच दोन ठिपके एकमेकांना टेकलेले दिसले तर प्रयोग फसला असे समजू नका. नियंत्रणाच्या जोडीत ते शंभरात किती ठिकाणी टेकले आहेत ते मोजा आणि दोन्ही वितरणे एकाच आलेखावर काढा.